मीटर एक, कंपन्या दोन : वीज कोणाकडून घ्यावी?

या वेळच्या पत्रांमध्ये घरगुती वीज आणि गॅस पुरवठादारांच्या निवडीबद्दलचे प्रश्न सर्वाधिक आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही अंधेरी पूर्वेला राहतो. वीज अदानीची आहे. शेजारचे टाटा पॉवरकडे गेले, त्यांचं बिल कमी झालं. दुसऱ्या मजल्यावरचेही गेले, ते म्हणतात वाढलं. खरं कोणाचं? आणि तुलना करायची कशी?

उत्तर : दोघांचंही खरं असू शकतं, कारण दोघांचा वापर सारखा नाही.

मुंबई उपनगरात एकाच घराला दोन कंपन्यांतून एक निवडता येते, ही सोय देशात फार थोड्या ठिकाणी आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरचा किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क मान्य केला. ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने तारा जुन्याच ठेवून पुरवठादार बदलायला परवानगी दिली. तेव्हा त्या तारा रिलायन्सच्या होत्या, ऑगस्ट २०१८ पासून अदानीच्या आहेत. दोन्ही कंपन्यांचे दर आयोगच ठरवतो. सध्याच्या आदेशांमध्ये २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांचे दर वर्षागणिक दिलेले असतात, म्हणून चालू वर्षाबरोबर पुढच्या वर्षाचाही रकाना पाहा. यंदा स्वस्त असलेली कंपनी पुढच्या एप्रिलपासूनही स्वस्तच राहील असं नाही.

आता बिल उघडा. त्यात स्थिर आकार, वीज आकार (युनिटांचे पैसे), वहन आकार (तारा वापरल्याचे पैसे), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या फरकाचे पैसे) आणि या सगळ्यांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क असतं. तारा अदानीच्या आणि वीज टाटाची असेल, तर वहन आकार त्या तारांचाच द्यावा लागतो. तो काही वाचत नाही. फरक पडतो तो मुख्यतः वीज आकारात, आणि तोही टप्प्याटप्प्याने. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत. ३४० युनिट वापरली तर सगळी युनिटं तिसऱ्या टप्प्याच्या दराने लागत नाहीत. पहिली १०० पहिल्या दराने, पुढची २०० दुसऱ्या दराने आणि फक्त शेवटची ४० तिसऱ्या दराने लागतात.

रीत समजावी म्हणून सोयीचे आकडे घेऊ. हे प्रत्यक्षातले दर नाहीत. समजा एका कंपनीचे पहिल्या तीन टप्प्यांचे दर ४, ६ आणि ८ रुपये आहेत, दुसरीचे अडीच, ६ आणि साडेनऊ. महिन्याला ९० युनिट लागली तर पहिलीकडे ३६० रुपये आणि दुसरीकडे २२५. दुसरी १३५ रुपयांनी स्वस्त. ३४० युनिटांना १,९२० आणि १,८३०, म्हणजे अजूनही दुसरीच स्वस्त, पण फरक ९० वर आला. ४०० युनिटांना दोघी बरोबरीत येतात. ४५० युनिटांना २,८०० आणि २,८७५, म्हणजे आता पहिली ७५ रुपयांनी स्वस्त. तुमच्या इमारतीतला वाद इथेच सुटतो. एका घरात दोन माणसं आणि पंखे असतील, तर दुसऱ्या घरात दोन एसी चालत असतील.

म्हणून एका महिन्याचं बिल शेजाऱ्याच्या बिलाशी लावून पाहू नका. मागच्या बारा महिन्यांची युनिटं बिलांवरून उतरवून घ्या. नव्या बिलावर वापराचा तक्ता छापलेला असतो, त्यावरून काम पाच मिनिटांत होतं. प्रत्येक महिना दोन्ही दरपत्रकांनी वेगवेगळा मोजा. बारा महिन्यांची सरासरी काढून एकदाच हिशेब करू नका, कारण मे महिन्याची ४५० आणि जानेवारीची १५० युनिटं मिळून सरासरी ३०० होते आणि वरचा टप्पा हिशेबातून गायबच होतो. वीज आकारात स्थिर आकार मिळवा; काही दरपत्रकांत तोही युनिटांच्या टप्प्यानुसार बदलतो आणि थ्री फेजला जास्त असतो. वहन आकार मिळवा. पुरवठादार बदलणाऱ्यांना क्रॉस सबसिडी अधिभार (जुन्या कंपनीच्या स्वस्त दराच्या ग्राहकांसाठी घेतली जाणारी जादा रक्कम) लागू आहे का, ते त्या वर्षीच्या आदेशात पाहा. शेवटी १६ टक्के शुल्क लावा. इंधन समायोजन आकार महिन्याला बदलतो. तो मागच्या काही बिलांवरून पाहावा, पण निर्णय त्यावर घेऊ नये.

वर्षाचा फरक हजार रुपयांच्या आत असेल, तर केवळ दरासाठी बदल करू नये असं आमचं मत आहे. पुढच्या एप्रिलला दर बदलले की तो फरक सहज उलटू शकतो.

बदलायचं ठरलंच, तर अर्ज नव्या कंपनीकडे करायचा. जुनी थकबाकी आधी फेडा, अर्ज बहुतेक तिथेच अडतात. मीटर बदलतात तेव्हा जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग कागदावर उतरवलं जातं. त्या वेळी स्वतः हजर राहा आणि दोन्ही मीटरचे क्रमांक व आकडे दिसतील असा फोटो काढा. जुन्या कंपनीचं अंतिम बिल निघाल्यावर तिच्याकडची सुरक्षा ठेव परत मागा, कारण नव्या कंपनीला नवी ठेव द्यावी लागते. महिन्याला बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते. पहिलं बिल फुगलेलं दिसलं तर ठेवीचा हप्ता त्यात धरला आहे का, ते आधी बघा. भाडेकरूंनी घरमालकाची संमती घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, कारण जोडणी मालकाच्या नावावर असते.

प्रश्न : गोरेगावला राहतो. पुरवठादार बदलला तर रात्री वीज गेल्यावर कोण येणार? दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतील अशी भीती वाटते.

उत्तर : ज्याच्या तारा, त्याची माणसं. तुमच्या इमारतीला येणारी केबल, रस्त्यावरची पेटी आणि उपकेंद्र ज्या कंपनीचं, तीच दुरुस्ती करणार. बिल कोणाच्या नावाने येतं याचा त्या केबलशी संबंध नाही. चेंजओव्हर म्हणतात तो हाच प्रकार : वीज एकाची, तारा दुसऱ्याच्या. ज्या भागात टाटाचं स्वतःचं जाळं पोचलं आहे तिथे स्विचओव्हर होऊ शकतो, म्हणजे तारांसह सगळंच बदलतं. अर्ज करताना आपला यातला कोणता प्रकार होणार, हे लेखी विचारा.

सेवा तपासताना हा भेद फार उपयोगी पडतो. वर्षात वीज किती वेळा जाते आणि किती मिनिटं जाते, याचे साइफी आणि साइडी हे निर्देशांक कंपन्या जाहीर करतात. चेंजओव्हरमध्ये तारा त्याच राहणार असल्याने या आकड्यांवरून पुरवठादार निवडण्यात अर्थ नाही. तिथे पाहायच्या त्या बाकीच्या गोष्टी : रीडिंग वेळेवर घेतात की सरासरीचं बिल पाठवतात, चुकलेलं बिल किती दिवसांत दुरुस्त होतं, तक्रारीला क्रमांक मिळतो का, जवळ गाठता येईल असं ग्राहक केंद्र आहे का. याच इमारतीत आधी बदल केलेल्या चार घरांना विचारा. प्रश्नही नेमका विचारा : बिलाची चूक शेवटची कधी झाली आणि ती सुटायला किती फेऱ्या पडल्या? ‘सर्व्हिस कशी आहे’ असं विचारलं की ‘बरी आहे’ एवढंच उत्तर मिळतं.

वीज गेलीच, तर आधी जिन्यातला दिवा बघा. तो चालू असेल तर घरातला आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) किंवा मुख्य एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) पडला असण्याची शक्यता मोठी. तो वर केल्यावर लगेच पुन्हा पडत असेल तर पुन्हापुन्हा वर करत बसू नका. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चढवत जा. ज्याच्यावर पडेल त्या लाइनवर दोष. पावसाळ्यात बहुतेक वेळा गीझर किंवा गॅलरीतला ओला सॉकेट निघतो.

प्रश्न : बोरिवलीला आम्ही कंपनी बदलली, नवं मीटर लागलं आणि युनिटंच वाढली. नवं मीटर पळतं, असं सगळे म्हणतात. तपासायचं कसं?

उत्तर : घरच्या घरी बरंच कळतं. मीटरच्या तोंडावर ‘३२०० इम्प’ किंवा ‘१६००’ असा आकडा असतो. लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करा. एक हजार वॉटची इस्त्री सर्वांत वरच्या तापमानावर ठेवून लावा आणि पहिल्या मिनिटातच मोजा, कारण गरम झाली की ती आपोआप बंद होते. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ५३ च्या आसपास, १६०० च्या मीटरवर २७ च्या आसपास लुकलुक व्हायला हवी. इस्त्रीवरचे वॉट बहुधा २३० व्होल्टला धरलेले असतात. दाब २४० असेल तर ती जवळपास नऊ टक्के जास्त वीज घेते, म्हणून ५३ ऐवजी ५८ भरले तर मीटरला दोष देऊ नका. ७० भरले तर मात्र अर्ज करा.

याहून महत्त्वाची दुसरी चाचणी. घरातला मुख्य स्विच बंद करून खाली मीटरच्या खोलीत जा. तुमचं मीटर तरीही लुकलुकत असेल, तर मीटर आणि तुमचं घर यांच्यामध्ये कुठेतरी दुसरं कोणी जोडलं गेलेलं आहे. मीटर बदलताना न्यूट्रलच्या, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या, तारा शेजाऱ्याच्या तारांत मिसळण्याची चूक नेहमीची आहे. चोरी पकडता यावी म्हणून आजकालची मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त भरेल त्याच्यावर युनिटं लावतात. शेजारच्या फ्लॅटचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून परत जात असेल, तर त्याच्या एसीची युनिटं तुमच्या नावावर चढतात. मीटर अगदी बरोबर असतं आणि बिल मात्र चुकीचं येतं. पुष्कळ मीटरवर यासाठी ‘अर्थ’ (अर्थिंगमधला) किंवा ‘ईएल’ असं लिहिलेला वेगळा दिवा असतो. तो पेटलेला दिसला तर परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल तपासून घ्या. मीटरच्या खोलीत स्वतः हात घालू नका.

दोन्ही चाचण्या ठीक निघाल्या तर बिलातले दिवस मोजा. बदलाच्या महिन्यात रीडिंग लांबून एका बिलात चाळीस-पंचेचाळीस दिवस येऊ शकतात. अशा वेळी टप्प्यांची मर्यादाही दिवसांच्या प्रमाणात वाढवलेली असायला हवी. नसेल तर तेवढं एकच कारण लिहून बिल दुरुस्तीचा अर्ज करा.

प्रश्न : गिरगावात राहतो. आम्हाला बेस्ट सोडून दुसऱ्याकडे जाता येईल का?

उत्तर : कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टचं क्षेत्र आहे. बेस्ट ही स्थानिक प्राधिकरणाची संस्था असल्याने तिच्या तारा दुसऱ्या पुरवठादाराला वापरू देण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आहे. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या तारा तुमच्या इमारतीपर्यंत आणल्या तरच निवड शक्य. गिरगावातल्या जुन्या चाळींना खोदाई आणि जागा या दोन्ही अडचणी आहेत. तूर्त बेस्टचंच बिल बारकाईने तपासणं जास्त फायद्याचं.

प्रश्न : पुण्यात महावितरणशिवाय पर्याय नाही. मग आम्ही काय करायचं?

उत्तर : घरगुती ग्राहकाला तिथे पुरवठादार निवडता येत नाही, हे खरं. भिवंडी आणि मुंब्रा-कळव्यात बिलावर टोरंटचं नाव दिसतं, पण ती महावितरणची फ्रँचायझी आहे आणि दर महावितरणचेच. गोव्यात तर वीज थेट सरकारच्या वीज खात्याकडून येते.

पण त्याच बिलातले काही पैसे वाचवता येतात. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर कर आणि शुल्क वगळून एक टक्का सूट मिळते. ही तारीख आणि ती रक्कम बिलावरच छापलेली असते. ऑनलाइन भरल्यास पाव टक्का आणखी, आणि कागदी बिल नको असं कळवून गो-ग्रीन घेतलं तर बिलामागे १० रुपये. उलट शेवटची तारीख चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो. महिना अडीच हजारांचं बिल असेल, तर वेळेवर भरणं आणि चुकवणं यात वर्षाला सात-आठशे रुपयांचा फरक पडतो.

सुरक्षा ठेवीवर व्याज मिळणं हा वीज कायदा २००३ च्या कलम ४७ प्रमाणे तुमचा हक्क आहे. ते वर्षातून एकदा बिलात वजा केलेलं दिसलं पाहिजे. गच्ची स्वतःची असेल तर पीएम सूर्यघर या छतावरच्या सौरविजेच्या योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असेल तर मात्र घाई नको. पहिल्या टप्प्याची वीज मुळात स्वस्त असल्याने खर्च भरून यायला फार वर्षं जातात.

तक्रारीचा क्रम महाराष्ट्रातल्या सगळ्या कंपन्यांना सारखाच आहे. आधी कंपनीच्या कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूर इथे आहेत. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक आहे. बिलाबद्दल वाद असेल तर भरणं थांबवू नका. ‘हरकत राखून’ असं लिहून रक्कम भरा, म्हणजे वाद चालू असताना घरात अंधार होत नाही.

प्रश्न : ठाण्यात महानगर गॅसची पाइपलाइन आली आहे. सिलिंडर परवडतो की पाइपचा गॅस?

उत्तर : सिलिंडर किलोवर आणि पाइपचा गॅस एससीएमवर (प्रमाणित घनमीटरवर) मोजला जातो, म्हणून दर समोरासमोर ठेवता येत नाहीत. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता पाइपच्या साधारण १७ ते १८ एससीएम गॅसइतकी असते. आजचा एससीएमचा दर गुणिले १८ करा आणि सिलिंडरच्या दराशी ताडून पाहा. सिलिंडर इंडेन, भारत की एचपी, याने एका शहरात दर बदलत नाही. तिथे बघायची ती एजन्सीची वेळ आणि वजन. सिलिंडरवर रिकामं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवून दारातच काट्यावर तपासून घ्या.

पाइपचा गॅस घेताना शेगडीचे जेट (गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्या) बदलावे लागतात, कारण सिलिंडरच्या रेग्युलेटरचा दाब ३० मिलिबारच्या आसपास असतो आणि पाइपचा २१. जुन्या बारीक जेटवर पाइपचा गॅस लावला तर ज्योत मरतुकडी येते आणि डाळ शिजायला दुप्पट वेळ लागतो. मग लोक गॅसलाच नावं ठेवतात.

प्रश्न : लंडनला भाड्याच्या घरात आहे. ‘प्राइस कॅप’ म्हणजे बिलाची कमाल मर्यादा समजत होतो, पण बिल त्याहून जास्त आलं. इथे पुरवठादार कसा निवडावा?

उत्तर : ती मर्यादा बिलाला नसून दराला आहे. ऑफजेम ही नियामक संस्था १ जानेवारी २०१९ पासून ती ठरवते आणि ऑक्टोबर २०२२ पासून दर तीन महिन्यांनी बदलते. वर्षाचा जो आकडा बातम्यांत येतो, तो सर्वसाधारण वापराच्या घराचा असतो. तुमचा वापर जास्त असेल तर बिल जास्तच येणार.

वर्षाचे किलोवॉट-तास (म्हणजेच युनिटं) गुणिले दर, अधिक रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर नसला तरी लागणारा आकार) गुणिले ३६५, असा हिशेब वीज आणि गॅसचा वेगळा करा. कमी वापराच्या एका खोलीच्या घरात स्टँडिंग चार्जच भारी पडतो, तिथे प्रतियुनिट दोन पेन्स स्वस्त दराला भुलू नका. फिक्स्ड टॅरिफ (ठराविक मुदतीसाठी बांधलेला दर) मध्येच सोडलं तर एक्झिट फी लागू शकते, पण मुदतीच्या शेवटच्या ४९ दिवसांत ती लावता येत नाही. तेव्हाच बदल करा. बिल तुम्ही स्वतः भरत असाल तर भाडेकरू म्हणूनही बदलता येतं, मात्र भाडेकरार वाचून मालकाला कळवावं.

गॅसच्या बिलात एक चूक आवर्जून शोधा. मीटर घनमीटरमध्ये मोजतं आणि बिल किलोवॉट-तासांत येतं. घनमीटर गुणिले १.०२२६४, गुणिले बिलावरचा कॅलरिफिक आकडा (एका घनमीटर गॅसमधली उष्णता), भागिले ३.६. कॅलरिफिक आकडा ३९.५ असेल तर एका घनमीटरचे सुमारे ११.२ किलोवॉट-तास होतात. जुनी मीटर शंभर घनफुटांत मोजतात, त्यांना आधी २.८३ ने गुणतात. पुरवठादाराच्या नोंदीत नवं मीटर जुन्या प्रकारचं म्हणून लागलं असेल, तर बिल जवळपास तिप्पट येतं. मीटरच्या तोंडावर घनमीटरचं चिन्ह आहे की घनफुटांचं, ते बघून फोटोसह कळवा.

सेवेच्या तुलनेसाठी सिटिझन्स ॲडव्हाइस ही संस्था पुरवठादारांना दर तिमाहीला तारे देते, ते दराच्या हिशेबाशेजारी ठेवून बघावेत. लंडनलाही तारा पुरवठादाराच्या नसतात, त्यामुळे वीज गेली तर पुरवठादाराला नव्हे, १०५ ला फोन करायचा. बिलाची तक्रार आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ओम्बुड्समनकडे विनाशुल्क जाता येतं. आणि पुरवठादाराच्या चुकीमुळे न लावलेलं, बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचं बिल तो तुमच्याकडे मागू शकत नाही.